मुंग्या, चौकोन आणि चकरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, नमस्कार. मी आत्ता उच्चारलेले हे दोन शब्द तुम्हा सर्वांना एकाच वेळी ऐकू गेले, असा तुमचा समज असेल तर तो खरा नाही. ज्यांनी घरात रेडिओचा संच लावला आहे त्यांना ते आधी ऐकू गेले. जे मोबाइलवरच्या ॲपमधून ऐकत आहेत त्यांच्यापर्यंत ते काही सेकंद उशिरा पोचले. खात्री करायची असेल तर दोन्ही एकदम लावून बघा. बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके वाजतात. आमचे अब्बा त्या ठोक्यांवर भिंतीवरचे घड्याळ लावत असत. आज मोबाइलवरचे ठोके ऐकून कोणी घड्याळ लावले, तर ते मागेच राहील. ठोके तेच आहेत, वाट बदलली आहे.

या बदललेल्या वाटेविषयी आज बोलायचे आहे. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. यंत्रांच्या भानगडीत पडण्याचे माझे कारण घरगुती आहे.

तीन वर्षांपूर्वी लाखांदूरला आमच्या घरी पुतणीचा निकाह होता. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, मस्कतला नोकरीला. त्याला रजा मिळाली नाही. व्हिडिओ काढणारा मुलगा म्हणाला, 'चाचा, काळजी करू नका. सगळं लाइव्ह दाखवतो.' भावाची एकच इच्छा होती. मुलगी होकार देईल त्या क्षणी तिला दुआ द्यायची. वकील म्हणून मी दोन साक्षीदारांसह आतल्या खोलीत गेलो. मुलीला विचारले. तिने खाली मान घालून होकार दिला. मी बाहेर आलो आणि दुसऱ्या फोनवर भावाला म्हणालो, 'झालं बाबा.' तो म्हणाला, 'काय झालं, भाईजान? तुम्ही तर अजून आत गेलाच नाहीत. मला मंडपच दिसतोय.'

त्याने तिचा होकार ऐकला तेव्हा बायका तिला घेऊन उठल्या होत्या. नंतर आम्ही अंतर मोजले. चाळीस सेकंद. फोन माझ्या हातात होता, तो मुलीजवळ धरावा हे मला सुचले नाही, ही माझी चूक. चित्र दिसते आहे, या भरवशावर मी राहिलो. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. फोनवर भाऊ आमच्या बरोबरीने होता आणि चित्रात चाळीस सेकंद मागे. दोन्ही त्याच इंटरनेटवरून जात होते. मग असे का व्हावे?

आमच्या गावात केबलचे काम सांभाळणारा एक मुलगा आहे. त्याच्याकडे बसून, विचारून, थोडे वाचून जे समजले ते तुम्हाला सांगतो.

मुंग्यांचा काळ

दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्यासारख्या आडबाजूच्या गावांना तिची ओळख झाली ती ऐंशीच्या दशकात. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर सगळी गल्ली बसायची. त्यात आम्हीही असायचो. एक जण छपरावर अँटेनाचा बांबू फिरवायचा आणि दुसरा दारातून ओरडायचा, 'आलं, आलं! गेलं! थोडं भंडाऱ्याकडं फिरव!'

त्या वेळचे चित्र ६२५ ओळींचे असे. सेकंदाला अशी २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत पाठवले जाई. आधी विषम ओळी, मग सम ओळी. लहर हवेतून आली की टीव्ही त्याच क्षणी ती ओळ काढी. चित्र साठवून ठेवायला त्याच्याजवळ जागाच नव्हती. लहर कमजोर पडली की पडद्यावर मुंग्या दिसत. पण कार्यक्रम थांबत नसे. मुंग्या निघून जाईपर्यंत कथा पुढे सरकलेली असे आणि ती सर्व गावांत सारखीच पुढे सरकलेली असे.

दूरदर्शनने जमिनीवरची ही जुनी प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत, महत्त्वाच्या जागी असलेली थोडी सोडून, बंद केली. मुंग्यांचा काळ संपला.

चौकोनांचा काळ

त्यानंतरचा काळ अंकांचा. चित्र आणि आवाज यांचे आकडे करायचे, न बदललेला भाग गाळून ते आकडे आटोपशीर करायचे आणि छोट्या पाकिटांत भरून पाठवायचे. १९९० च्या दशकाच्या मध्यात यासाठी जगाने एक माप ठरवले, ते एमपेगचे. पाकीट १८८ बाइट्सचे. बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराएवढी जागा समजा. त्यातले चार बाइट्स चिठ्ठीचे आणि १८४ मालाचे.

झाडीपट्टीतल्या श्रोत्यांनी इथे रोवणी आठवावी. पऱ्हे उपटायचे, सारख्या जुड्या बांधायच्या आणि रोवणाऱ्या बायांपर्यंत पोचवायच्या. पाकीट म्हणजे अशी एक जुडी. तिच्या चिठ्ठीवर पहिला आकडा नेहमी ७१ असतो, म्हणजे मधूनच पाहू लागणाऱ्या यंत्राला पाकीट कुठे सुरू होते ते कळते. मग हे पाकीट चित्राचे की आवाजाचे, त्याचा क्रमांक. शेवटी शून्य ते पंधरा असा फिरता आकडा. पाचनंतर एकदम सात आला, तर सहावे गहाळ झाले हे घरातल्या बॉक्सला समजते.

या पाकिटांच्या रांगेत आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट असते, ती म्हणजे घड्याळ. पाठवणाऱ्याचे घड्याळ सेकंदाला दोन कोटी सत्तर लाख ठोके मोजते, आणि त्याची वेळ सेकंदातून निदान दहा वेळा पाकिटांवर नोंदवली जाते. घरातला बॉक्स त्यावर आपले घड्याळ लावतो, जसे आमचे अब्बा रेडिओवर लावत. पाकिटे सारख्या अंतराने येत राहतील, हे यात गृहीत धरलेले आहे.

उपग्रहाच्या वाटेवर ते गृहीत खरे ठरते. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तिथे जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि तो पाव सेकंद पाव सेकंदच राहतो. पण या वाटेने उलट हाक मारता येत नाही. आपली छत्री उपग्रहाला 'सहावे पाकीट पुन्हा पाठव' असे सांगू शकत नाही. म्हणून पाठवणाराच प्रत्येक पाकिटाला सोळा बाइट्सची जोड देतो. पाकीट २०४ चे होते आणि त्यातले आठपर्यंत बिघडलेले बाइट्स घरातल्या घरात दुरुस्त होतात. त्याहून जास्त बिघडले की पाकीट टाकून दिले जाते. पावसाळ्यात ढग दाटले की चित्राचे चौकोन होतात ते यामुळे. पण लक्षात घ्या, चौकोन झाले तरी कार्यक्रम पुढेच जातो.

दूरदर्शनची मोफत छत्रीसेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. केबलचे अंकीकरण टप्प्याटप्प्याने होत मार्च २०१७ मध्ये ग्रामीण भागापर्यंत आले. आज गावोगावच्या छपरांवरच्या छत्र्या आणि केबलवाल्याचे बॉक्स हेच १८८ बाइट्सचे पाकीट वाचतात. म्हणून माप जुने झाले तरी ते फेकून देता येत नाही.

चकरीचा काळ

इंटरनेट ही वेगळ्या स्वभावाची वाट आहे. ती कोणा एकाची नाही. तुमची पाकिटे इतरांच्या गर्दीतून जातात, नाक्यानाक्यावर रांगेत उभी राहतात आणि रांग फार वाढली की काही पाकिटे सरळ टाकून दिली जातात. मात्र इथे उलट हाक मारता येते.

या वाटेने माल नेण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक १९८० ची यूडीपी, दुसरी १९८१ ची टीसीपी. पुन्हा रोवणीकडे चला. टीसीपीची रीत अशी की, जुड्या क्रमानेच लावायच्या. सातवी जुडी वाटेत पडली तर आठवी, नववी, दहावी धुऱ्यावर येऊन पडलेल्या असल्या तरी हात लावायचा नाही. सातवी परत मागवायची आणि ती येईपर्यंत सगळ्या बायांनी बसून राहायचे. पत्र, पैसे, कागदपत्रे पाठवायला ही रीत उत्तम, कारण तिथे एक अक्षरही गळून चालत नाही. यूडीपीची रीत उलटी. जुडी फेकायची आणि पुढे जायचे. पोचली तर पोचली.

टीव्ही इंटरनेटवर आला तेव्हा बहुतेकांनी टीसीपीचा आधार घेतला. २००९ मध्ये ॲपल कंपनीने एचएलएस नावाची पद्धत आणली. चालू कार्यक्रमाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे करायचे, ते साध्या फाइलींसारखे ठेवायचे आणि बघणाऱ्याने एकेक उचलायचा. गंमत म्हणजे त्या तुकड्यांच्या आत आपली जुनी १८८ बाइट्सचीच पाकिटे होती. वाटेत अडथळा आला तरी चित्र थांबू नये म्हणून बघणारे यंत्र तीन तुकडे मागे राहून सुरुवात करते. तीन तुकड्यांचे तीस सेकंद, त्यात तुकडा भरण्याचा आणि चढवण्याचा वेळ. झाले चाळीस सेकंद. आमच्या लग्नात वापरलेली सोय याच जातीची होती. ही शिल्लकही संपली की पडद्यावर चकरी फिरू लागते. चकरी म्हणजे सातव्या जुडीसाठी बसून राहिलेल्या बाया.

या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. साध्या फाइली असल्यामुळे त्या ठिकठिकाणी साठवता येतात आणि लाखो लोकांना स्वस्तात दाखवता येतात. सिनेमा चाळीस सेकंद उशिरा सुरू झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. आता तुकडे लहान करून हा उशीर बराच कमी करण्याच्या रीतीही आल्या आहेत. पण क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या छत्रीवाल्या घरातून 'आउट!' अशी आरोळी येते आणि आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल.

आणि भावाचा फोन? इंटरनेटवरचे बोलणे बहुधा यूडीपीच्या वाटेने जाते. एखादा शब्द खरखरला तर खरखरला, त्यासाठी थांबणे नाही. म्हणून आवाजात तो आमच्याजवळ होता.

नवी वाट, जुने पाकीट

मग जुनी पाकिटेही यूडीपीने का पाठवू नयेत? पाठवतात. केबलच्या नियंत्रण कक्षांत ही रीत जुनीच आहे. इंटरनेटच्या तारेवरच्या नेहमीच्या लिफाफ्यात १,५०० बाइट्स मावतात, म्हणून सात पाकिटे, म्हणजे १,३१६ बाइट्स, एकेका लिफाफ्यात घालतात. स्वतःची तार असली की हे छान चालते. पण सार्वजनिक वाटेवर काय होते ते पाहा. एका वाहिनीसाठी सेकंदाला तीस लाख बिट्स धरले तर साधारण दोन हजार पाकिटे होतात, म्हणजे सुमारे २८५ लिफाफे. हजारात एकच लिफाफा गहाळ झाला असे समजू. तरी दर साडेतीन सेकंदांनी सात पाकिटे एकदम जातात. चित्रात फक्त बदललेला भाग पाठवलेला असल्यामुळे तो डाग पुढचे संपूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर राहतो. शिवाय लिफाफे कधी लवकर, कधी उशिरा येतात, त्यामुळे बॉक्सचे घड्याळही डगमगते.

यातून दोन नव्या रीती निघाल्या. पहिली एसआरटी. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हायव्हिजन कंपनीने ती तयार केली आणि २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिचे म्हणणे साधे आहे. जुडी हरवली तर परत मागवा, पण किती वेळ वाट पाहायची ते आधी ठरवा. ती वेळ उलटली की हरवलेल्या जुडीचा नाद सोडा आणि रोवणी पुढे न्या. ही मुदत मुळात १२० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढी ठेवलेली असते. जाणकार मात्र हाक जाऊन उत्तर येण्याला लागणाऱ्या वेळेच्या तीन-चार पट ठेवतात. आणि पाकिटे ज्या अंतराने निघाली त्याच अंतराने ती पलीकडे सोडली जातात, त्यामुळे जुन्या बॉक्सचे घड्याळ सावरते.

दुसरी रीत क्विक. गूगलमधले जिम रॉस्किंड यांनी २०१२ च्या सुमारास तिची आखणी केली आणि मे २०२१ मध्ये ती इंटरनेटचे अधिकृत मानक झाली. ती यूडीपीच्या पाठीवर बसून चालते. तिचा गुण असा की, एकाच जोडणीत अनेक स्वतंत्र प्रवाह चालतात. एका बांधीची जुडी हरवली तर त्याच बांधीतल्या बाया थांबतील, शेजारच्या बांधीतली रोवणी चालू राहील. शिवाय घरातले वायफाय सोडून तुम्ही अंगणात आलात आणि मोबाइलचे नेटवर्क सुरू झाले, तरी जोडणी तुटू न देण्याची सोय तिच्यात आहे.

पण इथे एक फसगत आहे. जुन्या पद्धतीत चित्र, आवाज, अक्षरे अशी सगळी पाकिटे एकाच दोरात ओवलेली असतात. तो अख्खा दोर उचलून क्विकच्या एकाच प्रवाहात सोडला, तर पुन्हा सातव्या जुडीसाठी सगळे बसून राहतात. नवी वाट घेऊन जुनेच दुखणे. त्यामुळे दोन उपाय करतात. पहिला असा की, प्रवाह न वापरता सुटे लिफाफे सोडायचे. क्विकमध्ये ती सोय २०२२ मध्ये मानक झाली. मात्र क्विक प्रत्येक वाटेवर १,२०० बाइट्सच्या लिफाफ्याचीच हमी धरते. तेवढ्यात वरची कागदपत्रे धरून सात पाकिटे मावत नाहीत, सहा मावतात. दुसरा उपाय दोर सोडण्याचा. चित्र वेगळ्या प्रवाहात, आवाज वेगळ्या प्रवाहात. उशीर झालेले चित्र सोडून देता येते आणि आवाज चालू राहतो. पलीकडे पोचल्यावर जुन्या बॉक्ससाठी सगळे परत एका दोरात ओवायचे.

ही पुन्हा ओवणी सोपी नाही. जुन्या वाटेवर वेग सारखा राहावा म्हणून माल नसेल तेव्हा रिकामी पाकिटे सोडलेली असतात. त्यांचा ठरलेला क्रमांक ८,१९१. इंटरनेटवर रिकामी पाकिटे वाहून नेणे म्हणजे निव्वळ हमाली, म्हणून ती इकडे काढायची आणि मोजून तिकडे परत घालायची. घड्याळाच्या नोंदीही नव्या जागेप्रमाणे दुरुस्त करायच्या. नाही तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. या सगळ्याला एक शिस्त लावण्यासाठी २०२२ पासून इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा एक गट क्विकवरून चित्र आणि आवाज नेण्याची पद्धत आखतो आहे.

किती थांबायचे?

हे सगळे ऐकल्यावर मला वाटले की, यात वेगाचा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा की, हरवलेल्या गोष्टीचे काय करायचे? मुंग्यांच्या काळात तिची जागा रिकामी ठेवून पुढे जात. चौकोनांच्या काळात जमेल तेवढी दुरुस्ती करून पुढे जात. चकरीच्या काळात आपण काहीही हरवू द्यायचे नाही असे ठरवले, आणि त्यापायी आत्ताचा क्षण हरवला. नवी वाट सांगते की मागून बघा, थोडे थांबा, पण थांबण्याला मर्यादा ठेवा. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात हेच चालते. नट वाक्य विसरला की ऑर्गनवाला दोन सूर जास्त धरतो, तेवढ्यात आठवले तर ठीक, नाही तर पुढचे वाक्य. पहाटेपर्यंत बसणारे प्रेक्षक चूक माफ करतात, थांबलेले नाटक माफ करत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या पुतणीचा निकाह झाला. भाऊ या वेळीही मस्कतलाच. या खेपेला केबलवाल्या मुलाने एसआरटीची जोडणी केली. मस्कतपर्यंत हाक जाऊन उत्तर यायला त्याच्या मोजणीत पाव सेकंद लागत होता. यंत्रावर आकडा भरताना त्याने मला विचारले, 'चाचा, किती थांबू? जास्त थांबलो तर चित्र स्वच्छ येईल. कमी थांबलो तर फाटेल, पण वेळेवर येईल.'

मी म्हणालो, 'एक सेकंद. फाटलं तर फाटू दे.'

आणि ते फाटलेच. मी आत जाऊन मुलीला विचारले, नेमके तेव्हा भावाच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. पाकिटांत चित्राचीच संख्या जास्त असते, म्हणून गहाळ होतात तीही बहुधा चित्राचीच. आवाज मात्र पोचला. यंत्रांचा वेळ धरून सगळे मिळून दोनेक सेकंदांचे अंतर राहिले असेल. या वेळी मी फोन तिच्याजवळ धरला होता. ती अजून मान खाली घालूनच बसली होती, तेवढ्यात तिकडून तिच्या बापाची दुआ आली. तिने मान वर केली.

नंतर भावाला विचारले, 'चेहरा नीट दिसला नाही ना?' तो म्हणाला, 'भाईजान, चेहरा माझ्या ओळखीचा आहे.'

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. थोड्या वेळाने ठोके वाजतील. घड्याळ लावायचे असेल तर ते संचावरच्या ठोक्यांवर लावा, मोबाइलवरच्या नको.